घरी जाऊन मोजून बघ
(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनी ठरवूनच ठेवला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयमुळे आपल्या पोरांच्या नोकऱ्या जाणार का, यावर वीस मिनिटं बोल." मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर माईक मिळाला नसता. त्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांचं आहे, ते जेवताना सांगते. आज मला शास्त्रीय संगीताबद्दल बोलायचंय. मागच्या रांगेत उसासे सुरू झालेत, ते ऐकू आले मला. थांबा जरा.

आपण मिरजेची पोरं. शाळेला येता-जाता सतारमेकर गल्ली लागायची. दारात वाळत घातलेले भोपळे, आत कुणीतरी तार छेडून कान लावून बसलेलं. दर्ग्यात दरवर्षी खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ मोठमोठे कलाकार येऊन गाऊन जायचे. एवढं सगळं दारात असून आपलं मत काय होतं? शास्त्रीय संगीत म्हणजे म्हाताऱ्यांचं काम. एक माणूस डोळे मिटून आऽऽ करतो आणि समोरचे डोळे मिटून झोपतात. आता तर कौतुकसुद्धा त्याच भाषेत होतं. मोबाइलवर बासरी लावतात, खाली लिहिलेलं असतं 'मन शांत करणारे संगीत'. आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्येसुद्धा सतार वाजते, बहुधा कुणी चिडू नये म्हणून.

शांत करणारं संगीत आहेच, नाही कशाला म्हणू. पण मला या संगीताने आयुष्यात फार कमी वेळा शांत केलंय. माझ्या छातीत धडधड झालीय, तळहातांना घाम आलाय, खुर्चीची कड घट्ट धरून बसलेय. त्या बाजूबद्दल कुणी बोलत नाही.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. मेटल ऐकतो. त्याच्या खोलीच्या दाराजवळून गेलं तरी छाती हादरते. तो मला म्हणाला, "आई, तुझं ते झोपायचं म्युझिक आहे." मी वाद घातला नाही. त्याला एक चित्रफीत लावून दिली. साल १९६७, कॅलिफोर्नियातला माँटेरीचा पॉप महोत्सव, १८ जूनची दुपार. पंडित रविशंकर सतारीवर आणि उस्ताद अल्लारखाँ तबल्यावर. पेनेबेकर या दिग्दर्शकाने या महोत्सवावर जो चित्रपट काढला त्याचा शेवट याच वादनाने होतो. समोर बसलेली सगळी रॉक ऐकणारी तरुण मंडळी. त्यांत जिमी हेंड्रिक्सही दिसतो, ज्याने त्याच रात्री त्याच मंचावर स्वतःची गिटार पेटवून दिली. सुरुवातीला लोक नुसते बघत असतात. मग लय चढत जाते आणि त्यांचे चेहरे बदलायला लागतात. शेवटी सगळे उभे. चिरंजिवांनी हेडफोन काढले आणि विचारलं, "हे दोघं आधी पाठ करून आले होते का?" नाही म्हटलं, बराचसा भाग तिथल्या तिथे. तो गप्प बसला. आमच्या घरात एवढं पुष्कळ झालं.

सतारीचा झाला ऐकताना काय होतं ते सांगते. मुख्य तारेवर एक आघात आणि बाजूच्या चिकारीच्या तारांवर तीन, असं चाराचं चक्र सतत फिरत राहतं. लय वाढते तसे हे आघात वेगळे ऐकू येईनासे होतात आणि त्याची एक झळाळती भिंत होते. तीनतालाच्या सोळा मात्रा विलंबित ख्यालात आरामात मिनिटभर चालू शकतात. त्याच सोळा मात्रा मिनिटाला ३२० मात्रांच्या लयीत गेल्या की तीन सेकंदांत संपतात. त्या तीन सेकंदांत दोन माणसांना ठाऊक असतं की आपण नक्की कुठे आहोत, आणि दोघांनाही एकाच क्षणी समेवर उतरायचं असतं. आमच्या धंद्यात 'हार्ड रिअल-टाइम' म्हणून प्रकार असतो. गाडीची एअरबॅग तुम्हाला माहीत आहे. तिथे उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चूकच धरतात. सम तशी असते. बरोबर वाजवलं पण अर्धी मात्रा उशिरा, असं म्हणायला तिथे जागाच नाही.

आता एक प्रयोग करू. हात पुढे घ्या. संगीताच्या तासाला करायचो तसाच, बेंच नाहीत एवढंच. तीनताल. पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्याला टाळी, नवव्याला हात उलटा म्हणजे खाली, तेराव्याला टाळी. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. छान. खालीच्या भागात डग्गा गप्प होतो, लक्षात आलं ना? गाणाऱ्याला डोळे मिटूनसुद्धा त्यामुळेच कळतं की आपण अर्ध्यावर आलो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुम्ही ताल धरून ठेवा, मी त्यावर तिहाई म्हणते. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' समेवर. माझा तुकडा साधा आहे: तिट कत गदि गन धा. पाच मात्रा. दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक मात्रा थांबायचं, त्याला दम म्हणतात. पाच, एक, पाच, एक, पाच, झाले सतरा. समेपासून सुरू केलं की सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. पहिला 'धा' पडला पाचवीवर, तुमच्या टाळीबरोबर, म्हणून तुम्ही निर्धास्त. दुसरा पडला अकरावीवर. तिथे ना टाळी, ना खाली. आत्ता तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे हात डळमळले, मी बघितलं. पोटात खड्डा पडतो तो इथे, चुकला की काय हा माणूस! आणि तिसरा 'धा' बरोबर समेवर. बघा, हसलात सगळे. हसू आपोआप येतं, कुणी सांगावं लागत नाही.

हीच तिहाई दम न घेताही वाजवतात. मग पंधराच मात्रा होतात आणि सुरुवात समेपासून करून चालत नाही, तिसरीपासून करावी लागते. दम घेतला तर पहिलीपासून, नाही घेतला तर तिसरीपासून. हे एवढंसं गणित मी नववीत पाठ केलं होतं. पाठच केलं होतं, समजलं नव्हतं. पण तिकडे मी जरा वेळाने येते.

पुण्याला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात असताना मैत्रिणींबरोबर सवाई गंधर्व महोत्सवाला गेले. साल १९९८. रमणबागेत भारतीय बैठकीचं तिकीट, अंगावर दोन शाली आणि पिशवीत दशम्या. त्या काळी शेवटची रात्र सकाळपर्यंत चालायची आणि शेवटी पंडित भीमसेन जोशी गायचे. मी अर्धवट झोपेत होते. राग कोणता हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळल्याचा आव आणणार नाही. सुरुवातीला खर्जात इतकं हळू की मला पुन्हा डुलकी लागली. जाग आली ती तानेने. खालून निघालेली तान वर तारसप्तकात गेली, तिथे थांबेल असं वाटलं, थांबली नाही, तिथूनच फिरली आणि गमकांच्या गडगडाटासकट खाली कोसळत आली. त्यांचा उजवा हात असा, कुणीतरी जड वस्तू ओढून आणावी तसा. आणि ती तान संपता संपता मुखडा उचलला आणि सम. पाच-सहा हजार लोकांच्या तोंडून एकदम 'हाऽऽ' निघालं. मी रडत होते. दुःख कसलंच नव्हतं, सबमिशन सोडलं तर. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यातून उतरल्यावर पाय थरथरतात तसे माझे पाय थरथरत होते.

मिरजेची म्हणून एक गंमत सांगते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आपल्या दर्ग्याच्या आवारात विसावलेत. त्यांचा आवाज जुन्या रेकॉर्डवर ऐकाल तर रेशमासारखा, अगदी हळवा. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेनजी. म्हणजे त्या रेशमापासून तिसऱ्या पिढीला हा गडगडाट. घराणं एकच, किराणा.

आणि थरार म्हणजे नुसता वेग असंही कुणी समजू नका. कुमार गंधर्वांना ऐन तरुणपणी क्षय झाला. देवासला काही वर्षं गाणं बंद होतं, आणि नंतर ते एकाच फुप्फुसाच्या बळावर गायले. त्यांचं गाणं ऐकताना मला सतत वाटतं की पुढचा सूर येतो की नाही. मग तो येतो, बाणासारखा, आणि लगेच शांतता. त्या शांततेत माझी जी अवस्था होते ती कुठल्याही द्रुत तानेपेक्षा कमी नसते. लांब दमाची तान घ्यायला शरीर साथ देत नाही, म्हणून त्या माणसाने छोट्या छोट्या तुकड्यांत वीज भरली. असो. कुमारांवर बोलायला लागले तर जेवण गार होईल.

आता मूळ गोष्ट. ती सांगण्यासाठीच मी हा माईक धरलाय.

डिसेंबर १९९३, आपण नववीत. गॅदरिंग. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, आपल्या वर्गातली एक मुलगी छोटा ख्याल गायली होती. राग भूप, तीनताल. सर पेटीवर आणि मी तबल्यावर. मुलगी तबला वाजवते याचं त्या वेळी भारी कौतुक होतं आणि ते माझ्या डोक्यात गेलेलं होतं. तिचं नाव मी आज घेत नाही. जी गोष्ट सांगतेय ती तिची परवानगी घेऊन सांगतेय.

गाणं मध्येच फिसकटलं. ती तान घेऊन मुखड्यावर आली, समेवर काहीतरी गोंधळ झाला, ती थांबली. परत सुरू करायला गेली, आवाज फुटेना. पोरं हसली. शिट्ट्याही वाजल्या. ती रडत आत गेली आणि पडदा पाडला. नंतर सगळ्यांनी एकच म्हटलं, आवाज गोड आहे पण तालाला कच्ची आहे. मीही तेच म्हटलं. तिच्यासमोर नाही, पण म्हटलं. दहावीपर्यंत ती पुन्हा स्टेजवर आली नाही. पुढे गाण्याचा क्लास सोडला. लग्नात, बारशाला, डोहाळजेवणाला कुणी आग्रह केला की म्हणायची, "नको गं, माझी लय कच्ची आहे." मीच हे वाक्य तिच्या तोंडून दोनदा ऐकलंय.

गॅदरिंगनंतरच्या तासाला सर मला एवढंच म्हणाले होते, "घरी जाऊन मोजून बघ." मी मोजलं नाही. काय मोजायचं तेही विचारलं नाही. दहावी आली, तबला माळ्यावर गेला.

१५ डिसेंबर २०२४ला उस्ताद झाकिर हुसेन गेले. ती बातमी ऐकून मी मिरजेला आईकडे आले आणि माळ्यावरून तबला काढला. डग्ग्याची पुडी उंदराने कुरतडलेली, वाद्या सैल. दुरुस्त करून घेतला, मोबाइलवर मेट्रोनोम लावला आणि बसले. चार दिवसांतच कळलं की माझी लय पळते. मिनिटाला १६० मात्रांवर सुरुवात करते, मेट्रोनोम बंद केला की तीन मिनिटांत १९० वर जाते, आणि मला पत्ता नसतो. हात गरम झाला, मजा यायला लागली की पाय आपोआप ॲक्सिलेटरवर. लय गाणाऱ्याने वाढवायची आणि तबल्याने सांभाळायची, हे मला तोंडपाठ होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

त्याच माळ्यावर बाबांच्या कॅसेटी होत्या. त्यांनी गॅदरिंग टेप केलं होतं.

मी कॅसेट संगणकावर घेतली. रात्री साडेअकराला, घरातले झोपल्यावर, समेपासून समेपर्यंत एकेक आवर्तन मोजलं. पहिलं आवर्तन ५.३ सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला साधारण १८० मात्रा. साडेतीन मिनिटांनंतरचं आवर्तन ३.७ सेकंदांचं, म्हणजे जवळजवळ २६०. मला वाटलं टेपच धावत असेल, जुनी कॅसेट आहे. पण टेप धावली असती तर पेटीचा सूरही चढला असता. सरांच्या पेटीचा षड्ज सुरुवातीला होता तिथेच शेवटपर्यंत होता. टेप नीट चालत होती. पळत मी होते. चौदा वर्षांची मुलगी दुगुणीत तान घेत होती. सेकंदाला सहा सूर म्हणायची तयारी करून आलेली. मी तिला साडेआठ म्हणायला लावत होते, आणि ती म्हणत होती! एकही तान तिने सोडलेली नाही. आवाज कापतोय, श्वास पुरत नाहीये, पण सूर स्वच्छ.

मग ती शेवटची जागा आली. तिची तान संपली आणि मी माझी तिहाई घातली. घरी महिनाभर घोकलेली. तिचा मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतो. माझी तिहाई चालू असल्याने तिला खाली ऐकूच येत नव्हती. डग्गा गप्प व्हायच्या ठिकाणी धडधडत होता. तरीही तिने मनातल्या मनात मोजून बरोबर नवव्या मात्रेला मुखडा उचलला. मी तो भाग वीसेक वेळा ऐकला. अगदी बरोबर नववी. आणि ती बरोबर समेवर आली. एकटी आली. कारण मी तिहाई तिसऱ्या मात्रेपासून सुरू केली होती, बिनदमाची करतात तशी, आणि मध्ये दम मात्र घेतले होते. दोन गणितांची खिचडी. तिसरीपासून सतरा मात्रा मोजा, शेवटचा 'धा' कुठे येतो? पुढच्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर. सम होऊन गेल्यावर दोन मात्रांनी, त्या लयीत अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळाने, मी दणकून 'धा' हाणला. कॅसेटवर तो 'धा' इतका आत्मविश्वासाने वाजलाय की ऐकणाऱ्या कुणालाही वाटावं, सम हीच. तिलाही तेच वाटलं. स्वतःचं बरोबर असताना तिने माझ्या आवाजावर विश्वास ठेवला आणि थांबली.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

महिनाभर धीर झाला नाही. मग तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, आकडे-बिकडे सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर त्याच दिवशी मला म्हणाले होते, समेवर तूच होतीस. मला वाटलं माझी समजूत काढतायत." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाली, "कॅसेट पाठव." पाठवली. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी मेसेज आला, एकच ओळ: "किती पळवलंस गं मला." पुढे रागावलेल्या तोंडाचं चित्र आणि त्याच्याही पुढे तानपुऱ्याचा फोटो. धूळ झटकलेला, तारा नव्या घातलेल्या. आपल्या गल्लीतूनच घेतलाय म्हणे.

सर, तुम्ही समोर बसलात म्हणून हे सांगताना माझी जीभ जड होतेय. तुम्ही सांगितलेलं मी मोजून बघितलं. बत्तीस वर्षं लागली. आणि तुम्ही सगळे जे त्या दिवशी हॉलमध्ये होतात, हसला होतात, त्यांना मला सांगायचंय की ती मुलगी तालाला कच्ची नव्हती. चूक तबल्याची होती. मी त्या दिवशी गप्प बसले, नंतरही गप्प बसले आणि तिच्या पाठीमागे तुमच्यात मिळून बोलले. तिची माफी फोनवर मागून झाली आहे. पण ती पडली होती तुम्हा सगळ्यांच्या समोर, म्हणून ही माफी इथे.

आता संयोजकांनी घड्याळ दाखवलंय. एक व्यवस्था तेवढी सांगते. तबला-डग्गा गाडीत आहे, दोन जणांनी जरा आणायला मदत करा. तेव्हा ती काळी पाचमध्ये गायची, आता काळी चार हवी म्हणाली, म्हणून तबला उतरवावा लागेल. त्याला दहा मिनिटं द्या. पेटी शाळेचीच आहे, तीच जुनी. सर, तुम्ही बसणार असं मी तुम्हाला न विचारताच तिला सांगून टाकलंय. भूपच आहे. तिने अट घातलीय की मध्यलय, ती हाताने दाखवेल तेवढीच, आणि तिहाई एकही नाही. मी कबूल केलंय. जेवण झाल्यावर कुणी लगेच गाड्या काढू नका.